‘घरात कुणाला काही नाही’ : पेशंटची फॅमिली हिस्ट्री कशी घ्यायची

नव्या ॲडमिशनचे केसपेपर चाळताना एक रकाना बहुतेक वेळा सारखाच भरलेला दिसतो : ‘फॅमिली हिस्ट्री – निल’, म्हणजे रक्ताच्या नात्यातल्या आजारांची नोंद काहीच नाही. विद्यार्थिनीला विचारलं तर ती सांगते, "सिस्टर, मी विचारलं होतं. घरात कुणाला काही नाही म्हणाल्या." ती खोटं बोलत नसते. पेशंटही खोटं बोलत नसते. प्रश्नच चुकलेला असतो.

मी स्वतः हे ठेच लागून शिकले. सातव्या महिन्यातली एक मुलगी पायावर सूज म्हणून ॲडमिट झाली होती. शेजारी सासू. मी उभ्या उभ्या विचारलं, "घरात कुणाला शुगर, बीपी?" दोघींनी एकदम माना हलवल्या. मी ‘निल’ लिहून पुढच्या कॉटकडे गेले. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत तिची आई आली, लेकीला डबा भरवला, स्वतः दोन घास खाल्ले आणि पिशवीतून शुगरची गोळी काढून पाणी मागितलं. मग एकेक निघत गेलं. वडिलांनाही शुगर. थोरल्या बहिणीचं दोन्ही बाळंतपणांत बीपी वाढलेलं, एकदा फिट येऊन तिला तालुक्याहून जिल्ह्याला हलवलेलं. मी मुलीला म्हटलं, "अगं, काल का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही घरातलं विचारलंत ना? हे तर माहेरचं."

तिचं बरोबर होतं. लग्न झालेल्या बाईचं ‘घर’ म्हणजे सासर, आणि तिच्या अंगातलं रक्त माहेरचं. आपल्याला विचारायचं असतं रक्ताचं आणि आपण विचारतो घराचं. बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला असेल, तर पेशंटलाही तो होण्याची शक्यता वाढते. आई-वडील दोघांना शुगर असेल, तर गरोदरपणातल्या शुगरची तपासणी हुकून चालत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घ्यायचं, १४० किंवा त्यावर आली की गरोदरपणातला मधुमेह धरायचा, ही तपासणी सगळ्याच गरोदर बायांची पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत व्हायला हवी. या मुलीची दुसरी राहून गेली होती. माहेर आदल्याच दिवशी कळलं असतं तर कुणीतरी ती आठवणीने मागितली असती.

म्हणून या लेखातलं पहिलं काम : ‘घरात कुणाला काही आहे का?’ हे वाक्य तोंडातून काढून टाका.

आधी वेळ बघा, मग जागा

धाप लागलेल्या, कळा देणाऱ्या किंवा नुकत्याच अपघातातून आलेल्या माणसाला आजोबांचं वय विचारू नका. ॲडमिशनच्या वेळी जिवाशी संबंध असलेलं तेवढं घ्या : औषधाची ॲलर्जी, रक्त न थांबण्याचा आजार, भूल देताना रक्ताच्या नात्यात कुणाला झालेला त्रास. बाकीची हिस्ट्री सलाइन लागल्यावर, वेदना उतरल्यावर, शक्यतो त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी स्पंजिंग झाल्यावर घ्या. पेशंट जरा सैल झालेला असतो, आणि तुम्हीही.

जागा मिळणं कठीण, हे मान्य. जनरल वॉर्डात दोन कॉटमध्ये हातभर अंतर असतं. तरी पडदा ओढता येतो, स्टूल घेऊन बसता येतं, आवाज खाली आणता येतो. उभ्याने विचारलेल्या प्रश्नाला उभ्याउभ्याच उत्तर मिळतं. नातेवाइकांना बाहेर पाठवायला एखादं खरं काम द्या : "काकू, तेवढा रिपोर्ट लॅबमधून घेऊन येता का?" सासूसमोर सून माहेरच्या आजारांबद्दल मोकळेपणी बोलणार नाही. ‘आजारी घरातली मुलगी गळ्यात मारली’ हे ऐकण्याची भीती तिला असते आणि ती खोटी नसते. पण नातेवाइकांना कायमचं बाहेर ठेवू नका. चुलत्यांची वयं, आजीचं दुखणं हे पेशंटपेक्षा आईला किंवा आत्याला जास्त ठाऊक असतं. आधी पेशंट एकटा, मग पेशंटच्या परवानगीने आई किंवा वडीलधारं माणूस, असा क्रम ठेवा.

पहिलं वाक्य

‘आनुवंशिक’ हा शब्द वापरू नका. तो ऐकला की माणसाला वाटतं, आता आपल्या खानदानावर ठपका येणार. मी साधारण असं म्हणते : "ताई, काही दुखणी रक्तातून पुढे येतात. तुमच्या आई-वडिलांकडच्या माणसांना काय काय झालं होतं ते कळलं, तर डॉक्टरांना तुमची तपासणी नीट करता येते. दहा मिनिटं बोलू या. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ म्हणा, काही बिघडत नाही."

शेवटचं वाक्य विसरू नका. आपल्याकडे सिस्टरने विचारलं की उत्तर द्यायलाच हवं असं लोकांना वाटतं. मग माहीत नसलं की ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कागदावर दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत.

आधी माणसं मोजा, आजार मागून

हा मार्गदर्शनाचा गाभा आहे, म्हणून सावकाश सांगते. आजाराची यादी हातात धरून ‘शुगर? बीपी? कॅन्सर? टीबी?’ असं विचारत सुटलं की पेशंट यादीलाच मान हलवतो. त्याऐवजी आधी माणसं उभी करा. माणूस डोळ्यांसमोर आला की त्याचं दुखणं आपोआप आठवतं.

मी खालून वर जाते. पेशंटची स्वतःची मुलं, मग सख्खी भावंडं, मग आई-वडील, मग वडिलांकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मग आईकडचे आजी-आजोबा, मामा, मावशी. मुलं, भावंडं आणि आई-वडील ही पहिल्या पातळीची नाती. त्यांच्याशी निम्मा जनुकीय वारसा सामायिक असतो. आजी-आजोबा, काका-आत्या, मामा-मावशी दुसऱ्या पातळीची, पाव वाटा. चुलत-मामे-मावस-आते भावंडं तिसरी, आठवा वाटा. तीन पिढ्या झाल्या की बहुतेक वेळा पुरतं.

भावंडं विचारताना ‘किती भावंडं?’ एवढ्यावर थांबू नका. "तुम्ही धरून किती? आणि गेलेली धरून किती?" असं विचारा. लहानपणी दगावलेलं भावंड कुणी आपणहून मोजत नाही. ‘पाळण्यातच गेलं’, ‘सव्वा महिन्याचं होतं’ हे विचारल्यावरच येतं, आणि कधीकधी सगळा उलगडा त्याच एका लेकरात असतो. मुलांबाबतही तसंच : दिवस जाऊन न राहिलेली गर्भारपणं, पोटातच गेलेलं बाळ, जन्मतः काही दोष असलेलं बाळ. हे प्रश्न पेशंट एकटी असतानाच विचारा.

मग प्रत्येक माणसासाठी तेच साधे प्रश्न. आहेत का? वय काय? काही दुखणं, काही रोजच्या गोळ्या? गोळ्या कधीपासून? गेले असतील तर कितव्या वर्षी, कशाने?

‘रोजच्या गोळ्या’ हा प्रश्न मला फार आवडतो. ‘वडिलांना बीपी आहे का?’ ला उत्तर येतं, ‘नाही, आता नॉर्मल आहे.’ नॉर्मल आहे कारण गोळी चालू आहे! गोळीबद्दल विचारलं की बीपी सापडतं.

मामा म्हणजे कोण?

इंग्रजीत ‘अंकल’ म्हटलं की कुठल्या बाजूचा ते कळत नाही. आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी हे शब्दच बाजू सांगतात, म्हणून आपल्याला हिस्ट्री सोपी जावी. पण हेच शब्द फसवतातही.

सून सासऱ्यांना ‘मामा’ किंवा ‘मामंजी’ म्हणते आणि सासूला ‘आत्या’ किंवा ‘आत्याबाई’. मी एकदा ‘मामांना शुगर, पाय कापलाय’ हे ऐकून आईकडच्या बाजूला नोंदवलं होतं. ते सासरे होते. तिच्या रक्ताशी त्यांचा काही संबंध नव्हता. म्हणून ‘मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ ना?’ हे प्रत्येक वेळी पक्कं करा. आणि उलटंही होतं : आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अनेक समाजांत आहे, आणि कर्नाटकाला लागून असलेल्या भागात सख्ख्या मामाशीच भाचीचं लग्न झालेलंही दिसतं. मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नात सासूला ‘आत्या’ म्हणणारीची ती खरोखरच आत्या असते.

‘भाऊ’ हा आणखी एक सापळा. चुलतभाऊ हा आपल्या बोलण्यात भाऊच असतो, आणि ते प्रेमाचं असतं, पण पहिली पातळी आणि तिसरी पातळी यांत फरक पडतो. ‘सख्खा का?’ हे विचारायला लाजू नका. सावत्र असेल तर ‘आई एक की वडील एक?’ हेही. शिवाय कित्येक घरांत वडिलांनाच ‘भाऊ’, ‘दादा’, ‘अण्णा’, ‘तात्या’ म्हणतात आणि आईला ‘वहिनी’ किंवा ‘अक्का’. ‘दादांना अटॅक आला’ हे वाक्य वडिलांबद्दल आहे की थोरल्या भावाबद्दल, यावर पुढची गणितं बदलतात.

‘आजोबा’ या शब्दाला मात्र बाजू नाही. वडिलांचे की आईचे, ते विचारावंच लागतं. दत्तक असेल तर ते सांगणं पेशंटच्या मर्जीवर सोडा. सांगितलं तर जन्मदात्यांबद्दल जेवढं माहीत आहे तेवढंच लिहा.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न मी असा विचारते : "लग्नाआधी तुमचं दोघांचं काही नातं होतं का?" उत्तरं बघा कशी येतात : ‘नात्यातच दिलीय’, ‘आत्याच्या घरी पडले’, ‘मामाकडेच केलीय’. पेशंटच्या आई-वडिलांबद्दलही हाच प्रश्न विचारायचा, तो बहुतेक जण विसरतात. विचारताना आवाजात नापसंती येऊ देऊ नका. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या बाळात जन्मजात दोषाची शक्यता इतरांपेक्षा वाढते, पण इतर जोडप्यांतही ती सुमारे २ ते ३ टक्के असतेच आणि या जोडप्यांत त्यात आणखी साधारण तेवढीच भर पडते. म्हणजे बहुतांश मुलं ठणठणीतच जन्मतात. ‘नात्यात लग्न केलंत म्हणून झालं’ हे वाक्य कुणा आईला ऐकवायचा आपल्याला अधिकार नाही.

दुखण्याची खरी नावं

पेशंट निदान सांगत नाही, गोष्ट सांगतो. ‘झटका’ हा एकच शब्द घ्या. झटका आला म्हणजे हार्ट अटॅक असू शकतो, लकवा असू शकतो, फिट असू शकते. मी विचारते, "झटका म्हणजे छातीत कळ आली, की तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, की अंग ताठ होऊन तोंडाला फेस आला?" मग तोच माणूस हाताने करून दाखवतो. फिटला कुठे आकडी, कुठे मिरगी, कुठे फेफरं म्हणतात. पॅरालिसिसला ‘वारं गेलं’ म्हणतात.

कॅन्सरचं नाव पुष्कळ घरांत घेत नाहीत. ‘मोठा आजार’, ‘गाठ होती’, ‘पोटात पाणी झालं’, ‘शेक दिले’ म्हणजे रेडिएशन, ‘लाल औषध दिलं, केस गेले’ म्हणजे केमो. आणि ‘टाटाला नेलं होतं’ हे एवढं ऐकलं तरी पुढे विचारायचं. ‘पिशवी काढली’ हे सगळ्यात घाईने सोडून दिलं जाणारं वाक्य. का काढली? किती वर्षांची असताना? तपासणीला पाठवली होती का, रिपोर्ट काय आला? अंगावरून जायचं म्हणून तिशीतच पिशवी काढलेल्या बाया ऊसतोडीच्या पट्ट्यात कमी नाहीत. तिथे हा कॅन्सरचा पुरावा ठरत नाही. पण कुणाची अंडाशयाची गाठ म्हणून काढली असेल, तर ती नोंद सोन्याच्या मोलाची.

मनाच्या आजारांना तर शब्दच वेगळे. ‘बाहेरचं झालं होतं’, ‘करणी केली होती’, ‘डोक्यावर परिणाम झाला’, ‘घर सोडून जायचा’. ‘विहिरीत पडली’ आणि ‘औषध प्यायला’ यांतलं औषध म्हणजे कीटकनाशक, हे गावाकडच्या नर्सला सांगावं लागत नाही. आत्महत्येची कौटुंबिक हिस्ट्री ही पेशंटच्या सुरक्षिततेची माहिती आहे, म्हणून विचारायची; पण ‘का केली’ याची चौकशी हिस्ट्रीत बसत नाही.

सवयींचंही तसंच. ‘तंबाखू खाता?’ ला आजी ठामपणे ‘नाही’ म्हणतात आणि सकाळी मशेरी लावतात. मशेरी तंबाखूचीच असते. एका घरात सासू, सून, नात तिघी लावत असतील, तर तिथे फक्त रक्त नाही, डबीही पिढीजात आहे. टीबी आणि कुष्ठरोग रक्तातून येत नाहीत, पण एका छपराखाली पसरतात, म्हणून त्यांच्यासाठी मात्र ‘घरात कुणाला?’ हाच प्रश्न बरोबर! इथे सासर मोजायचं, भाडेकरू मोजायचा, शेजारच्या खोलीतले दीरही मोजायचे.

वय कसं काढायचं

वय कळलं नाही तर निम्मी हिस्ट्री वाया जाते. बाबांना पंच्याहत्तरीत अटॅक आला आणि बाबांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अटॅक आला, यांतलं दुसरं वाक्य मुलाच्या तब्येतीबद्दल आहे. जवळच्या पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत किंवा स्त्रीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर तो लवकर आलेला धरतात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आई, वडील किंवा भावंडाला झाला असेल, तर तपासणी चाळिशीत किंवा त्या माणसाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा सुरू करावी असं मानलं जातं. म्हणजे त्या एका आकड्यावर मुलाची तारीख ठरते.

पण ‘आई कितव्या वर्षी गेली?’ याला ‘काय माहीत’ असंच उत्तर येतं. तेव्हा बोलत बोलत हिशेब करा. अडतिशीतली एक बाई छातीत गाठ घेऊन आली होती. ते बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देते.

"आई गेली तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"
"सातवीत. परीक्षा होती."
"म्हणजे बारा-तेरा. तुम्ही कितव्या?"
"दुसरी. मोठा भाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा."
"आईचं लग्न कधी झालेलं?"
"सोळाव्या वर्षी. दीड वर्षात भाऊ झाला."

सोळा आणि दीड, अधिक पाच, अधिक तेरा : पस्तीस-छत्तीस. "कशाने गेल्या?" "पोटात पाणी झालं होतं." पोटात पाणी लिव्हरनेही होतं, टीबीनेही. "कुठे दाखवलं होतं?" "परळला. टाटाला. पोटात गाठ होती म्हणाले." आणि मग जाता जाता : "मावशीची पण एक बाजू काढलीय."

आई पस्तिशीत पोटातल्या गाठीने गेलेली, मावशीचं स्तन काढलेलं, आणि स्वतःला अडतिसाव्या वर्षी गाठ. केसपेपरवर तोवर ‘निल’ होतं. ही माहिती सर्जनला मिळाली की पुढचं सगळं बदलतं : स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंध असलेल्या बीआरसीए जनुकाची तपासणी, दुसऱ्या स्तनाबद्दलचा निर्णय, तिच्या बहिणींची आणि पुढे लेकीची देखरेख. गाठ अंडाशयाची होती का, हे जुन्या कागदांवरून ठरवायचं काम डॉक्टरांचं. भावाला फोन करून ते कागद शोधायला लावायचं काम माझं.

मोठ्या माणसांची वयं काढायला घटना वापरा. दुष्काळाच्या साली (१९७२) लग्न झालं होतं का? कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) आठवतो का? लातूर-धाराशिवकडच्या माणसाला किल्लारीचा भूकंप, सप्टेंबर १९९३, याच्या आधी की नंतर एवढं विचारलं तरी साल मिळतं. कोरोनात गेलेल्यांचं साल सगळ्यांनाच ठाऊक असतं.

कागदावर

कॉलेजात केस स्टडीला फॅमिली ट्री काढलेली असतेच, पण मार्कांपुरती. वॉर्डात ती कामाला येते. कागद आडवा धरा, पेन्सिल घ्या. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, लिंग माहीत नसेल तर समभुज चौकट टोकावर उभी केलेली. नवरा-बायको आडव्या रेषेने जोडायचे, पुरुष डावीकडे. त्या रेषेतून खाली मुलं, थोरलं डावीकडे. प्रत्येक पिढी एका ओळीत. पेशंटला बाण. आजार असलेल्याची आकृती भरायची. दोन-तीन आजार असतील तर आकृतीचे भाग करून वेगवेगळ्या तऱ्हेने भरायचे आणि खाली खुणांचा अर्थ लिहायचा. गेलेल्यावर तिरकी रेघ. न राहिलेल्या गर्भाला लहान त्रिकोण. नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. या खुणांचं प्रमाणित रूप १९९५ मध्ये अमेरिकेतल्या जनुकीय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संस्थेच्या पुढाकाराने ठरलं आणि बहुतेक ठिकाणी तेच चालतं, म्हणून स्वतःच्या खुणा शोधू नका.

आकृतीखाली वय, आजार, आजार सुरू झाला ते वय : ‘वडील, ६२, शुगर ४१ पासून’. कोपऱ्यात तारीख, माहिती कुणी दिली, तुमची सही. नावं लिहायची गरज नाही, नातं पुरतं.

कशावर डोळा ठेवायचा

रेघा काढून झाल्या की कागद जरा लांब धरून बघा. एका बाजूला भरलेल्या आकृत्यांची गर्दी दिसते का? नेहमीपेक्षा लहान वयात आलेला आजार आहे का? पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, एकाच माणसाला दोन वेगळे कॅन्सर, अचानक उभ्या उभ्या गेलेला तरणा भाऊ, हे दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. वडिलांची बाजू कमी लेखू नका. आत्याचा स्तनाचा कॅन्सर मावशीच्या इतकाच महत्त्वाचा. सदोष जनुक वडिलांकडूनही येतं.

काही आजार मात्र फक्त आईच्या बाजूने वाहत येऊन मुलग्यांवर दिसतात. तिथे विचारायची माणसं ठरलेली : मामा आणि मावसभाऊ. ‘मामाला जरा लागलं की रक्त थांबायचं नाही, गुडघा फुगायचा’ म्हणजे हिमोफिलियाची शंका. ‘मावसभाऊ चालता चालता पडायला लागला, बारा-तेराव्या वर्षी खुर्चीत बसला’ म्हणजे स्नायूंच्या आजाराची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी एक खास प्रश्न : रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीनंतर श्वास घ्यायला किंवा शुद्धीवर यायला खूप वेळ लागला होता का, ताप एकदम भडकला होता का? आणि मलेरियाच्या पट्ट्यात : प्रायमाक्विनच्या गोळ्यांनंतर कुणाची लघवी काळसर झाली होती का?

साध्या आजारांनाही आकडे आहेत. चेन्नईत तयार झालेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकनात एका पालकाला शुगर असेल तर १०, दोघांना असेल तर २० गुण. एकूण १०० पैकी ६० किंवा त्याहून जास्त झाले की जोखीम मोठी. आशाताई तिशीवरच्या सगळ्यांचा जो सीबॅक फॉर्म (आजारांची जोखीम मोजायची प्रश्नावली) भरतात, त्यातही आई-वडील किंवा भावंडांना बीपी, शुगर, हृदयविकार असेल तर २ गुण, आणि बेरीज ४ च्या वर गेली की तपासणीला प्राधान्य. आशाताई फॉर्म सासरच्या ओट्यावर भरतात, हे लक्षात असू द्या. तिथेही तोच घर-माहेर घोळ होतो.

सिकलसेल, थोडं सविस्तर

सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, पालघर इथे काम करणाऱ्यांनी हा भाग सोडू नये. कुटुंबात ‘सिकल’ हा शब्द नसला तरी गोष्ट असते : हातपाय-सांधे ठणकायचे, डोळे सारखे पिवळे व्हायचे, रक्त लावावं लागायचं, लहानपणीच गेला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली होती, म्हणून ‘तपासणी झाली का, कार्ड मिळालं का, त्यावर काय लिहिलंय’ हे विचाराच. वाहक (एएस) माणसाला सहसा त्रास नसतो, म्हणून तो स्वतःला निरोगीच समजतो.

नवरा-बायको दोघे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ सिकलग्रस्त (एसएस) असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, दोष नसण्याची चारात एक. लोक याचा हमखास चुकीचा अर्थ लावतात. एका आईने मला सांगितलं होतं, "एक आजारी झालं, आता तीन चांगली होतील." मी चार दाणे ओंजळीत घेतले, तीन पांढरे, एक काळा, आणि तिला डोळे मिटून एक काढायला लावला. काढलेला परत ओंजळीत टाकायला सांगितला, पुन्हा काढायला लावला. दुसऱ्यांदाही काळा निघाला तेव्हा तिला कळलं. थॅलसेमिया या रक्ताच्या आजाराचं गणितही हेच. तो आपल्याकडे सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली कुटुंबांत जास्त आढळतो, पण बाकीच्यांत नाहीच असं धरून चालू नका.

काय बोलायचं नाही

निदान सांगू नका. ‘तुमच्याकडे कॅन्सर चालत आलाय’ हे वाक्य नर्सने उच्चारायचं नाही; "तुम्ही सांगितलेलं डॉक्टरांना सांगते, ते आणखी काही विचारतील" एवढं पुरे. एकाने सांगितलेलं दुसऱ्यासमोर उघडू नका, नवऱ्यासमोरही नाही. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे : संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. फॅमिली ट्रीवर ती भरलेल्या आकृतीसारखी सगळ्यांना दिसेल अशी काढू नका. फाइल पायथ्याला लटकलेली असते आणि भेटीला आलेला दीर ती वाचतो, हे मी पाहिलंय.

बोलता बोलता कधी कळतं की एखाद्या मुलाचे वडील वेगळे आहेत. ऐका. कागदावर उतरवण्याआधी पेशंटला विचारा, आणि डॉक्टरांना सांगणं गरजेचं असेल तर तोंडी सांगा.

नोंद

‘निल’ ऐवजी काय लिहायचं? ‘आई-वडील, दोन भाऊ, एक बहीण : शुगर, बीपी, हृदयविकार, कॅन्सर नाही. वडिलांकडची माहिती नाही. माहिती देणारी : पेशंट.’ दोन ओळी, पण पुढच्या शिफ्टला कळतं काय विचारलंय आणि काय उरलंय. पेशंटचे शब्द अवतरणात ठेवा : ‘आईच्या पोटात पाणी झालं होतं’ असं लिहा, स्वतःहून ‘लिव्हरचा आजार’ करू नका. डॉक्टरांना कळवलं असेल तर कुणाला, किती वाजता तेही.

उठताना एक शेवटचा प्रश्न विचारा : "आज घरी, आणि माहेरी, फोन केलात तर आणखी कुणाला काय होतं ते विचाराल का?" दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या ट्रॉलीपाशी पेशंट स्वतःच सांगते, "सिस्टर, मोठ्या मावशीलापण होतं म्हणे." मग जुन्या नोंदीत खाडाखोड करायची नाही. खाली नवी ओळ, नवी तारीख, वेळ, सही, आणि झाडावर एक आणखी वर्तुळ भरायचं.